सुकुमारचा आज्ञाधारक सर्व्हर

“पण अक्का, तुम्हीच सांगितलं होतं!”

“मला माझ्याच वेबसाइटबाहेर काढ म्हणून?”

सकाळपासून हेच चाललं होतं. झालं होतं असं, की एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. सुकुमार त्याचं नाव. डिग्री मोठी, पण मान फार हलकी. काहीही सांगा, ती हलायचीच. चंपाअक्काच्या महिला मंडळाची कुरडया विकायची वेबसाइट होती. तिच्या सर्व्हरला हुकूम कसे द्यायचे, कुणी द्यायचे, ते सुकुमारनं ठरवायचं होतं.

पहिला हुकूम त्यानं केला ‘बदल’. अक्कानं सहज दाबून पाहिला. साइट दिवसभर आडवी.

“अरे, आधी विचारावं माणसानं!”

सुकुमारनं मान हलवली. दुसरा हुकूम ‘दाखव’. अक्कानं दाबला. सर्व्हर म्हणाला, दाखवू का? खरंच दाखवू का? नक्की ना?

“नुसतं बघायला कसली परवानगी? गप करून टाकायचं!”

मान हलली. तिसरा हुकूम ‘पूस’. अक्काचं बोट लागलं. सर्व्हरनं गप करून टाकलं. एकूण एक सेटिंग साफ!

“अरे शहाण्या, जुनं जपून ठेवावं!”

पुढं अक्काच्या आगाऊ पुतण्याला मंडळातून काढलं. अक्का म्हणाली, पासवर्ड बदल. सुकुमारनं नवा घातला, जुना जपून ठेवला. पुतण्या जुन्यानंच आत शिरला आणि कुरडईच्या फोटोजागी स्वतःचा लावून बसला.

“नवं आलं की जुनं बाहेर! कळलं?”

कळलं. काल अक्कानं सुनेला, पद्मजाला, दुसरी व्यवस्थापक नेमलं. नवी आली म्हणून सर्व्हरनं अक्काला बाहेर काढलं. आणि आज दहा वाजता वर्षाच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या होत्या. बारा घरच्या बायकांनी महिनाभर गच्चीवर उन्हात वाळवलेला माल.

“मग पद्मजाला सांग, मला आत घे म्हणून.”

“त्यासुद्धा बाहेरच आहेत, अक्का.”

“ती का?”

“नव्या माणसाला आत घ्यायला जुन्याची परवानगी लागते. आधी विचारावं, असं तुम्हीच म्हणाला होता.”

“आणि जुनीला आत यायला?”

“नवीची.”

“म्हणजे आत आहे कोण?”

“कुणीच नाही. एकदम सुरक्षित!” सुकुमार हसला. “आता कुणी काही बिघडवूच शकत नाही.”

दहा वाजले. फोन खणखणायला लागला. अक्कानं एका हातानं तो उचलला, दुसऱ्या हातानं दार उघडलं.

“सुकुमार, तुला कामावरनं काढायला मला कुणाची परवानगी लागत नाही.”