पाचव्याची जागा

तळ्याला अजून पायऱ्याही बांधल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. डबरू बेडकाच्या बँडचं नाव होतं 'पाचजण'. त्यातला पाचवा, किर्रू रातकिडा, गेल्या हिवाळ्यात वारला. तेवढं निमित्त साधून साळुंक्यांनी आपल्या नव्या बँडला तेच नाव लावलं आणि वर डबरूवरच दावा ठोकला.

"कासवआजोबा, आम्ही मोजून पाच आहोत. हे चारच! मग नाव कुणाचं?" थोरली साळुंकी न्यायाला बसलेल्या कासवाला म्हणाली.

डबरूने आपले गडी पुन्हा मोजले. मोजणी तिचीच बरोबर होती.

"दोघेही वाजवून दाखवा," कासव म्हणालं. "ती जुनी वरातीची चाल."

साळुंक्यांनी चाल बिनचूक वाजवली. मग डबरूच्या चौघांनी सुरुवात केली. किर्रूची जागा आली की ते सवयीने थांबायचे. तिथे दुसरं कुणी घ्यावं, असं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

पहिल्यांदा नुसतीच शांतता पसरली. दुसऱ्यांदा मागून म्हातारी म्हैस हळूच म्हणाली, "किर्र." तिसऱ्यांदा सगळं तळंच म्हणालं, "किर्र!"

डबरूला पुढे वाजवता येईना.

कासवाने डोळे पुसले आणि निकाल दिला, "पाचवा हजर आहे."