सदरा कुणाचा?

एकदा एका शाळेच्या परसबागेत, दुपारी बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी, एक तरुण आई मुलीची वही पदराखाली लपवून शिरली. तिथे वृद्ध गुरुजी काठ्या बांधत बसले होते. मुलांना गोष्टी लिहायला तेच शिकवायचे.

“गुरुजी, पाया पडते. उद्या पालकांपुढे माझ्या तनुजाला ही गोष्ट वाचायला लावू नका. सासूबाई येणार आहेत.”

“का गं? वर्गात सगळ्यांत चांगली उतरलीय.”

गोष्टीतली आई सगळ्यांना वाढून ‘माझं मघाच झालं’ म्हणायची आणि गूळपाणी पिऊन निजायची. हे तर त्या बाईचं स्वतःचंच गुपित. पोरीनं कधी पाहिलं, तेच तिला उमगेना. पण पुढे गोष्टीत एक बैलही होता. तो त्या आईसाठी आपली अर्धी पेंड राखून ठेवायचा. आणि यांच्या दारात तर कोंबडीसुद्धा नव्हती!

“खरं लिहिलं म्हणून रागवू, की खोटं लिहिलं म्हणून? डोकंच चालेना बघा. गाव म्हणेल, सासू सुनेला उपाशी ठेवते. मग त्या घरात मला थारा उरेल का?”

गुरुजी म्हणाले, “घरून मालकांचा जुना सदरा घेऊन ये.”

आता यात सदरा कुठून आला? पण गुरुजींचा शब्द, म्हणून ती गेली नि घेऊन आली. गुरुजींनी तो काठ्यांवर चढवला, वर मडकं पालथं घातलं, मडक्यावर स्वतःची टोपी ठेवली. बुजगावणं उभं राहिलं. बाईला वाटलं, झालं! आता सगळे सदरा ओळखणार!

कुंपणापलीकडून शाळेचा शिपाई ओरडला, “अरे, हे तर आमचे सासरे! अशीच मान वाकडी!”

पाण्याला निघालेली बाईची शेजारीण खळखळून हसली. “छे, आमचे हे आहेत. काम सांगितलं की अस्सेच उभे राहतात!”

सदऱ्याचं नाव कुणीच काढलं नाही. मेथीवरच्या चिमण्या मात्र भुर्रकन उडाल्या.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “पोरी, सदरा तुझ्या घरचा, टोपी माझी, मडकं शाळेचं. उभा राहिला तो मात्र ना तुझे मालक, ना मी. म्हणून तर ज्याला त्याला आपलं माणूस दिसलं. मी मुलांना एवढंच शिकवतो, घरातलं एक खरं घ्या, बाकीचं बांधा. माणूस खोटा असेल. चिमण्या उडाल्या त्या खऱ्या ना?”

बाईला अर्धं कळलं, अर्धं नाही. तरी तिनं वही गुरुजींच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी पालकांपुढे तनुजानं गोष्ट वाचली. शेजारणीनं डोळ्यांना पदर लावला. “तुझ्या लेकीला माझं कसं गं कळलं?” ती कुजबुजली. सासूबाई मात्र उठून तडक घराकडे निघाल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं ताट सुनेपुढे सरकवलं. “त्या गोष्टीतल्या घरात मेली माणसं आंधळी होती की काय? बैलाला दिसलं ते त्यांना दिसू नये? बस, आधी तू जेव.”

त्यांनी ओळखलं होतं की नव्हतं, हे सुनेला आजही ठाऊक नाही. ती जेवली मात्र पोटभर.

तुमच्या लेकरानं असं काही लिहिलं, तर पान फाडू नका. आणि एवढं आपल्या शेजारणीच्याही कानावर घाला.