येसूचे कोपर

भोवरा हातावर असताना हात हलवायचा नाही. आमच्या सावरघळीत सुतारांच्या मुलींना हे कळत्या वयापासून सांगतात, आणि का ते विचारायचे नाही, हेही त्याच दमात सांगतात.

गावाच्या वर, रानजाईच्या देवळासमोर एक काळा सपाट कातळ आहे. त्याच्या मधोमध बोट जाईल एवढा गोल खळगा आहे आणि त्यातले पाणी तांबूस दिसते. वर डोंगराचा कडा असा ओणवलेला आहे की नवखा माणूस मान वर करतो आणि नकळत दोन पावले मागे सरतो. चैत्रातल्या अष्टमीला इथे पाहुणे जमतात. देवळाचे पुजारी धाकू गुरव त्यांना सावलीला बसवून कातळाची गोष्ट सांगतात. यंदाही सांगत होते. मी माझ्या नऊ वर्षांच्या बहिणीचा, सुगंधाचा, हात धरून ऐकत होते. यंदा भोवरा हातावर घ्यायची पाळी तिची होती.

असे सांगतात, की फार पूर्वी एका वर्षी डोंगर पोटातून घुमू लागला. विहिरी गढूळ झाल्या. फळीवरची भांडी आपोआप सरकू लागली. एके दुपारी कड्यावरून धोंडा सुटला आणि एक गोठा बैलांसकट गेला. गावाने देवीला गाऱ्हाणे घातले. तेव्हा देवीचा शब्द आला म्हणे, की सुताराने खैराचा भोवरा करावा. तो कुमारिकेच्या तळहातावर उभा राहील, तोवर डोंगर उभा राहील.

सुताराची लेक येसू. बापाने केलेला प्रत्येक भोवरा तीच पारखायची. जमिनीवर फिरणारा भोवरा दोन बोटांच्या फटीत अलगद उचलून तळहातावर घ्यायची. तिने तो खैराचा भोवरा घेतला, आणि डोंगराचे घुमणे थांबले.

"पण पोरीचा हात हलायला लागला," धाकूकाका आवाज खाली आणून म्हणाले. "हात हलला तसा कडा हलला. मग गावातले दोन कर्ते पुरुष पुढे झाले नि त्यांनी तिचं कोपर धरलं. आधार दिला हो! एवढीशी पोर, दमली असती."

भोवरा तीन दिवस फिरला म्हणे. तिचा हात कातळाला टेकला, तरी धरणाऱ्यांनी सोडले नाही. एकाच जागी फिरणारी भोवऱ्याच्या टोकाची लोखंडी आर तळहातातून पार झाली आणि खाली दगडात उतरली. तो हा खळगा. येसूचे पुढे काय झाले, ते गोष्टीत नाही. डोंगर राहिला, एवढेच आहे.

"आता तसं काही होत नाही ना?" एका पाहुण्या बाईंनी विचारले.

"छे छे! आता भोवरा आपसूक थांबेपर्यंतच. थोडं खरचटतं, झालं."

माझ्या उजव्या तळहातातही खळगा आहे. दोन बोटे मिटत नाहीत. शाळेत मी डाव्या हाताने लिहायला शिकले, आणि कॉलेजात गेल्यावर त्याच हातावर पुन्हा भोवरा घ्यायलाही शिकले. महिनाभर तो पडतच होता. हात घट्ट ठेवला की आर टोचायची, भोवरा कलंडायचा. एके दिवशी कंटाळून हात सैल सोडला. भोवरा जिकडे झुकला, तिकडे हात आपोआप गेला. भोवरा उभा राहिला, आणि दुखले नाही. येसूला हे माहीत नसेल असे होईल का? ती दमली नव्हती. ती भोवरा सांभाळत होती.

सुट्टीत मी सुगंधाला एवढेच शिकवले.

ढोल वाजला. बाबांनी खैराच्या भोवऱ्याला जाळीची दोरी गुंडाळली आणि तो कातळावर फेकला. सुगंधाने खाली वाकून तो हातावर घेतला. लगेच धाकूकाका आणि माझे चुलत आजोबा भिकाजी तिच्या दोन्ही बाजूंना सरकले. मी मध्ये उभी राहिले.

"निमे, बाजूला हो गो. कोपर धरायचंय," धाकूकाका म्हणाले.

"नाही धरायचं."

"चार बुकं शिकलीस, आता डोंगराला शिकवणार काय?" आजोबा म्हणाले. काही जण हसले.

मी तळहात त्यांच्यासमोर उघडला. "माझं कोपर तुम्हीच धरलं होतंत, आजोबा. मी सोडा, सोडा म्हणून ओरडत होते. धाकूकाका, येसूही ओरडली असेल. ते का नाही सांगत पाहुण्यांना?"

"हात हलला तर कडा खाली येईल!" धाकूकाका ओरडले.

"हिचं कोपर कोणी धरणार नाही. यंदा नाही नि पुढेही नाही."

माझ्या मागे सुगंधाचा हात भोवऱ्याबरोबर हलत होता. भोवऱ्याची घरघर मला ऐकू येत होती. तेवढ्यात कड्यावरून मूठभर खडी सुटली आणि देवळाच्या पत्र्यावर खडखडत गेली. ढोल थांबला. सगळ्यांच्या माना वर गेल्या, माझीही.

पण मी जागची हलले नाही. आजोबांचा पुढे आलेला हात तसाच हवेत राहिला. खडीमागून कड्यावरून आणखी काही आले नाही. दोघांच्या मागे गावातली सगळी जाणती माणसे सुगंधाच्या हलत्या हाताकडे पाहत उभी होती, आणि भोवरा फिरत होता.