भिंतींनी परतवलेली शिवी

कचेरीच्या नव्या दालनात आवाज इतका घुमायचा की फिर्याद कळायचीच नाही. "ऐकू आलं नाही," म्हणून दिवाण विसाजीपंतांनी हैबती सुताराची पाटाच्या पाण्याची फिर्याद दोनदा फेटाळली. तेव्हा हैबती भोकं पाडलेली फळीच घेऊन आला. तिच्या मागे काथ्याचा जाड थर होता. "ही भिंतींना लावली की आवाज घुमायचा थांबेल," तो म्हणाला.

"भोकांनी आवाज थांबतो होय? मूर्खा!" पंत गरजले.

"मूर्खा… मूर्खा… मूर्खा!" भिंती घुमल्या.

हैबतीने हात जोडले. "सरकार, आपण मला एकदाच म्हणालात, भिंती आपल्याला तीनदा म्हणाल्या. माझी फळी असला शब्द भोकांतून आत घेते अन् काथ्यात जिरवते."

पंतांनी तोंड उघडलं, भिंतींकडे पाहिलं आणि मिटलं. खुणेनेच म्हणाले, लाव.

फळ्या लागल्या. हैबतीने तिसऱ्यांदा फिर्याद मांडली. ती दारातल्या शिपायालाही स्पष्ट ऐकू आली.