थंडीबाईचं माहेर

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या खापरपणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, एका मोठ्या तळ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. एका काठाला अलीकडवाडी, दुसऱ्या काठाला पलीकडवाडी. पलीकडवाडीची माणसं मात्र स्वतःलाच अलीकडची म्हणवून घ्यायची आणि त्यावरून दर बाजाराला भांडण व्हायचं. भांडायला माणसाला एवढं पुरतं.

तळ्याच्या डोक्यावर डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर बर्फ. आता कुणीतरी शहाणा विचारील, "आपल्याकडं बर्फ कुठनं आला?" बाबा रे, गोष्टीतला डोंगर आहे, डोक्यावर काय घ्यायचं ते तो ठरवील. तू आपली टोपी सांभाळ. तर ऊन तापायला लागलं की तो बर्फ वितळायचा आणि झऱ्याझऱ्यानं गुपचूप तळ्यात येऊन बसायचा.

अलीकडवाडीत होळीची एक गंमत होती. गवताची एक म्हातारी करायचे. तिला फाटकं घोंगडं गुंडाळायचे, नाकाखाली ओली चिंधी लावायचे. ही थंडीबाई, तिचं नाक वाहणारच. तिला होळीत टाकलं, गावानं बोंब ठोकली, की झाली थंडी खलास. दुसऱ्या दिवसापासून गावात थंडीचं नाव घ्यायला बंदी. कुणी "गारठलो" म्हणालं, कुणी शाल पांघरली, की त्याच्या तोंडाला काजळी फासून त्याला गाढवावर उलटं बसवायचे. एका वर्षी पंतोजींना नुसती शिंक आली, तर पंच जमले. "तपकिरीची होती हो!" असं शपथेवर सांगितलं तेव्हा पंतोजी सुटले.

या गावच्या पाटलाचा पोरगा पहिलवान होता आणि पट्टीचा पोहणारा. वैशाखात तो या काठावरून उडी मारायचा, त्या काठाला जाऊन करवंदं खायचा आणि पोहतच परत यायचा. छाती अशी रुंद, की सदऱ्याचं माप घेताना शिंप्याला मध्येच बसून पाणी प्यावं लागायचं. डोकंही होतं. फेटा बांधायला लागतंच की.

त्याचं लग्न ठरलं पलीकडवाडीच्या मुलीशी. मुहूर्त निघाला होळीच्या दुसऱ्या दिवसाचा. वऱ्हाड होड्यांतून जायचं होतं. एक होडी पुरुषांची, एक बायकांची.

सकाळी सगळे नटूनथटून काठावर आले. ऊन असं कडक, की कपाळावरचं गंध ओघळायला लागलं. तेवढ्यात नवरदेवाची आत्या आली. ही पाटलांची थोरली बहीण. हिला अख्खं गाव भ्यायचं, गाढवसुद्धा. तिच्या एका खांद्यावर घोंगड्यांची वळकटी, दुसऱ्या खांद्यावर वाळलेल्या पोकळ भोपळ्यांच्या माळा आणि कमरेवर मेणकापडानं तोंड बांधलेली घागर.

"हे काय गं आत्या?" नवरदेव म्हणाला. "लग्नाला निघालोय का भाजी विकायला?"

"कमरेला बांध," आत्या म्हणाली. "पडलास तर तरंगशील."

"मी? भोपळा बांधू? अगं, नागडी पोरं पोहायला शिकताना बांधतात ते! हे तळं मी पोहून जातो, तू बघितलंयस."

"वैशाखात बघितलंय. हा फाल्गुन आहे."

पाटील मध्ये पडले. "अक्का, थंडी काल जाळली की गं! तुझ्या डोळ्यांदेखत. पहिली बोंब तूच ठोकलीस."

"जाळलीत ती माळावर," आत्या म्हणाली. "तळ्याला कुणी कळवलं का?"

तळ्याला कळवायचं खरंच राहून गेलं होतं.

"अरे, ती बाई जळत नसते," आत्या सांगायला लागली. "धुरातनं उठते आणि माहेरी जाते. तिचं माहेर त्या पाण्यात. आणि माहेरी गेलेली बाई लगेच परत निघते होय? चांगलं अंगभर ऊन खाऊन, जिवाचं कौतुक करून घेऊन निघते. खोटं वाटत असेल तर घाल हात पाण्यात."

नवरदेव ऐटीत वाकला आणि पाण्यात हात घातला. हात कोपरापर्यंत ठणकला. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं वर बघितलं, तर समोर सगळं गाव आणि गावाच्या मागं खुंटीला बांधलेलं गाढव. गाढव त्याच्याकडंच बघत होतं.

"कोमट आहे," नवरदेव म्हणाला.

पाटलांनी हात घातला, ओठ चावला. "हो, कोमटच."

पंतोजींनी एक बोट बुडवलं आणि ते बोट काखेत घालून म्हणाले, "सुखोष्ण!" आता ह्याचा अर्थ त्यांनाच ठाऊक. नावाड्यानं तर कमालच केली. त्याचे पाय सकाळपासून पाण्यात होते आणि पोटऱ्या जांभळ्या पडल्या होत्या. तो म्हणाला, "पाटील, खरं सांगू का? पाण्यात जरा उकडतंच."

आत्यानं एकेकाकडं बघितलं. "बरं. मग निदान काठाकाठानं चला. काही झालं तर पाय टेकेल."

"आणि मुहूर्त टळू दे?" पाटील म्हणाले. "मधनं जायचं. सरळ!"

आत्यानं वाद घातला नाही. तिनं बायकांच्या होडीतल्या प्रत्येकीला भोपळे बांधले, पैठणीवरून, दागिन्यांवरून. पुरुष पोट धरून हसले. "वरातीऐवजी परसबाग निघाली रे!" एक जण ओरडला. "पिकलास की तुलाही तोडू!" आत्या म्हणाली आणि होडी काठाकाठानं वल्हवायला लावून आधी निघून गेली.

मागाहून पुरुषांची होडी निघाली, तळ्याच्या मधोमध. सनई-ताशा वाजत होता. उन्हानं सगळ्यांना घाम फुटला होता, त्यामुळं आपण खोटं बोललो हे सगळे विसरूनही गेले. घामाचा तेवढा फायदा असतो.

पलीकडचा काठ जवळ आला. मांडव दिसला. हातात हार घेऊन उभी राहिलेली नवरी दिसली, पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या. आता नवरदेवाला बसवेना. तो होडीत उभा राहिला.

"बसा, बसा!" नावाडी म्हणाला. "होडी आहे ही, चावडीचा ओटा नव्हे."

"राहू दे रे उभा!" पाटील म्हणाले. "दिसू दे जरा छाती!"

नवरदेवानं मिशीला पीळ दिला. ताशेवाल्यानं ते बघून ताशा बडवला. ताशा ऐकून दोघेतिघे नाचायला उठले, तेही एकाच बाजूला. होडी कलली. तिच्या मनात काही नव्हतं, पण तिलाही काही मर्यादा असतात. नवरदेव मिशीला पीळ देतच पाण्यात गेला.

वैशाखातलं पाणी त्याच्या ओळखीचं होतं. ह्या पाण्यानं ओळखच दिली नाही. छाती कुणीतरी दोरखंडानं आवळावी तसा श्वास आवळला. त्यानं गपकन तोंड उघडलं, तर तोंडात पाणी शिरलं. "वाचवा" म्हणायला गेला, तर आवाजच निघेना. हात मारायला गेला, तर हात दुसऱ्याच कुणाचे. वर भरजरी अंगरखा भिजून दगडासारखा झालेला.

होडीतली मंडळी हसत होती. "बघा, कसा लाडात आलाय!" पाटलांनी टाळी वाजवली. "वैशाखात अस्साच डुंबतो!" मांडवातल्या पाहुण्यांना वाटलं, ही अलीकडवाडीची रीत असावी. "त्यांच्यात नवरा आधी आंघोळ करून येतो वाटतं," एक म्हातारा म्हणाला. "स्वच्छ लोक दिसतात."

आत्याची होडी नुकतीच काठाला लागत होती. तिनं मात्र नवरदेवाचं तोंड बघितलं. ते उघडं होतं आणि त्यातून हसू येत नव्हतं, आवाज येत नव्हता. सारखं पाण्याखाली जात होतं आणि वर येत होतं, दर वेळी जरा कमी.

"तो डुंबत नाही रे मुडद्यांनो, बुडतोय!" आत्या ओरडली.

ताशा थांबला. पाटलांचे हात टाळीत तसेच राहिले.

आत्यानं होडी त्याच्याकडं वळवली. "बाळ्या, पोहू नकोस! पाठीवर पड! आधी श्वास घे!" त्यानं कशीबशी मान मागं टाकली. तिनं दोरीला बांधलेला भोपळा फेकला. तो बरोबर त्याच्या हाताशी पडला. पण बोटं मिटेनात. आखाड्यात भल्याभल्यांच्या माना दाबणारे पंजे ते, त्यांना एक भोपळा धरता येईना. इथं जरा हसू बाजूला ठेवा. मी सांगतो कधी परत घ्यायचं ते.

नवरीनं काठावरून हे बघितलं. हातातला हार तिनं समोर जो होता त्याच्या गळ्यात टाकला. ते होते भटजी. मग मामांच्या हातातला अंतरपाट ओढून घेतला. "आत्याबाई, होडी इकडं! एक भोपळा मला!" आत्यानं चार हातांवरचा काठ गाठला, नवरीनं साडीवरून भोपळा आवळला आणि उडी मारून आत आली. पाण्यात नव्हे, होडीत. पोरगी हुशार होती. पाण्यात उडी मारणारा एक त्यांच्याकडं होताच.

होडी जवळ गेली तशी तिनं अंतरपाटाची दोन टोकं गाठून फास केला आणि नवरदेवाच्या डोक्यावरून टाकला. "धरू नका! नुसते हात बाहेर काढा, काखेत अडकू दे!" त्यानं हात बाहेर काढले. मग सगळ्या जणी मागं सरून बसल्या. आत्या आणि नवरी यांनी त्याला होडीच्या टोकाकडून ओढून घेतलं, म्हणजे होडी पुन्हा कलायला नको. अंतरपाट नवरा-नवरीला लांब ठेवायला धरतात. त्या दिवशी त्यानं एकाला दुसरीच्या पायाशी आणून टाकलं. नवरदेव खोकला, पाणी ओकला आणि मग मोठ्यानं श्वास घेतला.

घ्या, आता हसू परत घ्या.

दोन्ही होड्या काठाला लागल्या आणि पाटील रडत धावत आले. "जाळ करा! जाळात धरा त्याला! चोळा, चोळा!"

"खबरदार कुणी चोळलं तर!" आत्या म्हणाली. "आणि जाळात कशाला? काल एक म्हातारी जाळलीत ती पुरे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, पांघरूण घाला आणि आडवा पडू दे."

पण हाताशी कोरडे कपडे होते फक्त आत्याच्या घागरीत. चार घोंगड्यांचा आडोसा केला. आडोसा उघडला तेव्हा आत नवरदेव होता, हिरव्यागार लुगड्यात, वर घोंगडी, वर आणखी घोंगडी, दात ताशापेक्षा जोरात वाजत होते. आत्या त्याला गुळाचं ऊन पाणी घोट-घोट पाजत होती.

बराच वेळ गेला. नवरदेवाच्या ओठांना रंग आला. भटजी गळ्यातला हार सावरत म्हणाले, "मुहूर्त मात्र गेला."

"नवरा गेला नाही ना?" नवरी म्हणाली. "मग दुसरा मुहूर्त काढा." मग ती नवरदेवासमोर येऊन उभी राहिली. सकाळचा सगळा प्रकार आत्यानं तिला सांगितला होता. "पण हार घालायच्या आधी मला एक सांगा. पाणी कसं होतं?"

सगळी अलीकडवाडी श्वास रोखून उभी राहिली. नवरदेवानं बापाकडं बघितलं, पंचांकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांपुढं गाढव आलं.

"खरं सांगा हं," नवरी म्हणाली. "कोमट म्हणणाऱ्याशी मी संसार करणार नाही. आज पाण्याबद्दल खोटं सांगाल, उद्या मला घेऊन त्यात जाल."

नवरदेवानं घोंगडी अंगाशी ओढली. "गार होतं," तो म्हणाला. "सकाळी हात घातला तेव्हाच कळलं होतं. लई गार. आणि मला... मला थंडी वाजतेय."

कुणीतरी सवयीनं ओरडलं, "गाढव आणा!"

"आणा," नावाडी म्हणाला. "पण मी पुढं बसणार. पाय सकाळपासून बधिर आहेत माझे." पंतोजींनी काखेतलं बोट बाहेर काढलं. "माझीही ती शिंक," ते खाली बघत म्हणाले, "तपकिरीची नव्हती." शेवटी पाटलांनीही मान खाली घातली. "कोमट नव्हतं," ते म्हणाले. "पोराला मीच उभं राहू दिलं."

गाढव एक आणि गुन्हेगार सगळं गाव. बेत रद्द झाला.

दुपारी दुसऱ्या मुहूर्तावर लग्न लागलं. अंतरपाट ओलाच होता, तसाच धरला. नवरदेव लुगड्यात होता. नवरी हार घालताना त्याच्या कानात म्हणाली, "अहो, लुगड्याचे काठ माझ्या साडीपेक्षा भारी आहेत, सांभाळून वापरा." परत जाताना दोन्ही होड्या काठाकाठानं गेल्या. सगळे बसून, सगळ्यांच्या कमरेला भोपळे. पाटलांना एक पुरेना, दोन बांधावे लागले.

अलीकडवाडीत होळीला थंडीबाई अजून जाळतात. पण दुसऱ्या दिवशी कुणी होडी काढायच्या आधी आत्या तळ्यात हात घालते आणि गावाला विचारते, "बाई माहेरी आहे का?" तिला खोटं सांगायची कुणाची छाती नाही, पहिलवानाचीसुद्धा. आणि गाढव? ते आता मोकळंच चरतं. उन्हात तापलं की तळ्यावर जातं, पाण्याला नुसतं नाक लावतं आणि उन्हात परत येऊन उभं राहतं. त्याला कुणी शिकवलेलं नाही.

तात्पर्य, आणि हे होडीत चढायच्या आधी वाचायचं, नंतर नव्हे: अंगाला ऊन लागतंय म्हणून पाणी तापलं असं समजू नये, भोपळा बांधताना चार जण हसले तर हसू द्यावं, कारण भोपळा बांधलेला असला की हसणाऱ्यांना नंतर रडावं लागत नाही, यातच सगळ्यांचा फायदा आहे.