सगुणाबाईनं धरलेलं दार

बोरवंडच्या माळावर विटांच्या कमानीत एक मोठं दार उभं आहे. भिंत नाही, घर नाही, नुसतं दार, आणि तेही बंद. पलीकडे जायचं तर बाजूनं खुशाल जा, गुरंसुद्धा तशीच जातात. हे असं का, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी, पेंढाऱ्यांच्या धाडी पडायच्या तेव्हा, इथं हैबतराव देशमुखांची गढी होती. तिची वीट न् वीट गावानं फुकट थापली, भाजली, डोक्यावरून वाहिली. "संकट आलं की हे दार तुमचंच," हैबतराव म्हणाले होते, असं म्हणतात. गावानं ते खरं मानलं. मानणारच, बिचारं.

मग एका दुपारी धाड आली. पोरंबाळं कडेवर घेऊन गाव गढीकडे धावलं. दार बंद! हैबतराव वरून म्हणाले, "एवढ्यांना पाणी कुठून पाजू?"

त्यांची धाकटी सून सगुणाबाई. तिला वाटलं, घरची सून बाहेर असली तर अब्रूसाठी तरी सासरा दार उघडेल. ती दिंडीतून, म्हणजे दारातल्या लहान दारातून, बाहेर गेली, गावकऱ्यांत उभी राहिली आणि ओरडली, "मामंजी, दार उघडा. मी बाहेर आहे."

"दिंडीला अडसर घाला," हैबतराव म्हणाले. "सून दुसरी आणता येईल."

तिचा नवरा वर बापाच्या शेजारीच उभा होता. मेला तिथंच उभा राहिला.

रानात पळाले तेवढेच वाचले. सगुणाबाई शेवटपर्यंत दारावर हात आपटत होती.

पेंढारी गेले. हैबतरावांनी अडसर काढला, पण दार हलेना, दिंडीसुद्धा हलेना. माणसं लावली, बैल जुंपले, साखळदंड तुटले. बाहेरून बाईच्या दोन हातांनी ते ओढून धरलं होतं, असं म्हणतात. आतलं पाणी संपलं. हैबतराव दाराशी बसून रडले, "सूनबाई, सोड गं दार." सोडते कशाला!

शेवटी त्यांनी आपलीच मागची भिंत फोडली, तेव्हा सुटले, आणि तोंड लपवून परमुलखात गेले. फुटकी गढी पावसानं खाल्ली. उरलेल्या विटा गावानं आपल्या म्हणून परत नेल्या. दाराला मात्र कुणी हात लावला नाही.

आजही बोरवंडात नवी सून आली की आधी इथं आणतात. ती दाराच्या बाहेर उभी राहते, सासरा आत. ती थाप मारून म्हणते, "मामंजी, मी बाहेर आहे." सासऱ्यानं आतून ओ द्यायची नाही. वळसा घालून बाहेर यायचं, सुनेच्या शेजारी उभं राहायचं, मग तिला घरी न्यायचं. सासरे लाजतात, हसतात, पण येतात.

हैबतराव तेवढा आला नाही.