कॅमेऱ्याच्या बाजूला मिस ब्रेनर्ड

"...ते सगळं खरं, पण बाई, साठ वर्षं टिकायचं कसं, ते सांगा ना."

मिस ऑगस्टा ब्रेनर्डचे डोळे मिटलेले होते, कारण रंगभूषा करणारी मुलगी तिच्या पापण्या रंगवत होती.

"जेवणाची सुट्टी कधी चुकवू नये," ती म्हणाली.

उल्का केळुसकरला हे उत्तर मुळीच पटलं नाही. गुरूने कसं जरा खोल जाऊन बोलावं. पण गुरू म्हटलं की जटा आणि कमंडलू हवा, ही आपली सवय. न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओत कमंडलूच्या जागी कागदी पेला होता, त्यात बिनसाखरेची कॉफी, आणि जटा कालच सेट करून घेतलेल्या.

वय एक्याऐंशी. एकोणिसाव्या वर्षी नाटकात आली ती हातात तबक घेऊन, बोलायला एकही वाक्य नव्हतं. मग चाळीस वर्षं रंगमंच केला. राण्या केल्या, राण्यांच्या दासी केल्या, आणि एकदा राणी आजारी पडली तेव्हा एकाच आठवड्यात दोन्ही केलं. पुढे टीव्हीवर दुपारच्या मालिकेत बावीस वर्षं शेजारीण होती. मालिकेत तिचे तीन नवरे झाले, दोनदा ती स्वतः मेली, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांनी पत्रं लिहून तिला परत आणवली. घरचा नवरा मात्र एकच, आणि तो बिचारा दुपारी झोपायचा, त्यामुळे त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

उल्का तिला बाई म्हणायची. बाकीचे मिस ब्रेनर्ड म्हणत. म्हातारीने 'बाई'चा अर्थ कधी विचारला नाही, पण हाक मारली की ओ द्यायची. ती स्वतः उल्काला डॉक्टर म्हणायची, कारण दोघी काम करत त्या इस्पितळाच्या मालिकेत उल्का डॉक्टर होती. तिकडचे टीव्हीवाले आपल्याकडच्या मुलींना डॉक्टर सोडून फारसं काही होऊ देत नाहीत. उल्काच्या आईवडिलांचंही तेच म्हणणं होतं, त्यामुळे भांडणाचा प्रश्न नव्हता.

वडील वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. न्यूजर्सीत औषधांचं दुकान. मुलगी सव्वीस वर्षांची, देखणी, आणि आपण देखण्या आहोत हे आरशाच्याही आधी कळलेली.

तर त्या दिवशी गोष्ट अशी होती की लेखकांकडे पुढच्या भागाचे दोन कागद तयार होते. एकात उल्काची डॉक्टर विभागप्रमुख होणार होती. दुसऱ्यात ती ट्रकखाली येणार होती. दिग्दर्शक लँगडनने हे तिला आदल्या दिवशी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. प्रेक्षक म्हणतात, ही डॉक्टर इस्त्री करून आणल्यासारखी दिसते. उद्याचा प्रवेश बघू आणि ठरवू.

प्रवेश साधाच. म्हाताऱ्या मिसेस डूलीचा नवरा शस्त्रक्रियेत गेलाय, आणि डॉक्टरने ते तिला सांगायचं. मिसेस डूली म्हणजे मिस ब्रेनर्ड.

आता या कामाची एक रीत आहे. कॅमेरा आधी एकीच्या तोंडावर लावतात, तिचं सगळं बोलणं घेतात. मग तो फिरवून दुसरीच्या तोंडावर लावतात आणि तेच सगळं पुन्हा. जिचं तोंड दिसत नाही तिने कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे समोरचीला बघायला माणूस मिळतं. सक्ती नाही. मोठे नट सटकतात. मग त्या जागी एक स्टँड ठेवून त्यावर पिवळी चिकटपट्टी लावतात, तिच्याकडे बघायचं, आणि पटकथा सांभाळणारी पर्ल कागदावरून वाक्यं वाचते. पर्लचा आवाज रेल्वेच्या फलाटावर शोभला असता.

सकाळी मिस ब्रेनर्डचं तोंड घ्यायचं होतं. उल्का आपल्या गाडीत जाऊन बसली. माझी मन एकाग्र करायची पद्धत आहे, असं तिने म्हातारीला आधीच सांगून ठेवलं होतं. मेलेलं कुत्रं आणि मोडलेला साखरपुडा, ही दोन दुःखं तिने दुपारसाठी शिलकीत ठेवली होती. सकाळी दुसऱ्यासाठी कशाला खर्च करायची?

"बस हो डॉक्टर," म्हातारी म्हणाली होती.

आणि चिकटपट्टीकडे बघून तिने एका दमात काम केलं. प्रकाशयोजनेच्या माणसाने नाक पुसलं, पण त्याला सर्दीही होती.

जेवणाची सुट्टी झाली. मिस ब्रेनर्डने ती चुकवली नाही.

दुपारी कॅमेरा उल्काकडे फिरला. मिस ब्रेनर्डचं काम संपलेलं होतं, खाली गाडी उभी होती. स्टँडवर पिवळी पट्टी. पर्लने वाचायला घेतलं.

उल्काने कुत्रं आठवलं. डोळे कोरडे. दुसऱ्यांदा साखरपुडा आठवला, तर नुसता रागच आला. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र आठवली, आणि ते कुत्रं त्या मुलापेक्षा बरं होतं एवढंच लक्षात आलं. डोळ्यांत घालायचं औषध आणू का, असं कुणीतरी विचारलं. लँगडन नको म्हणाला. त्याने निर्मात्याकडे बघितलं, निर्मात्याने घड्याळाकडे.

उल्काला ट्रकचा आवाज येऊ लागला.

तेवढ्यात मिस ब्रेनर्ड अंगात कोट, हातात पर्स अशी दाराकडे निघालेली दिसली. ती थांबली. गुडघे वाईट, त्यामुळे वळायलाही तिला वेळ लागे. कॅमेऱ्यापाशी येऊन तिने स्टँडवरची पट्टी नखाने सोलून काढली, पर्लच्या कागदावर चिकटवली, आणि पट्टी होती तिथे स्वतः उभी राहिली.

लँगडन म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेता, तुम्ही यात दिसणारही नाही.

म्हातारीने उल्काकडे बघितलं.

"बोला, डॉक्टर," ती म्हणाली.

उल्का बोलू लागली. मिसेस डूली, आम्ही खूप प्रयत्न केले, वगैरे. म्हातारी ऐकत राहिली. कुणी बातमी सांगताना आपण ऐकतो तसं, अर्धं ऐकून आणि अर्धं न ऐकून...

मग तिने विचारलं, "त्यांचा चष्मा कुठे आहे? चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही."

वाक्य कागदावरचंच होतं. उल्काने ते पन्नास वेळा वाचलं होतं. पण तिला कुणी ते विचारलं नव्हतं.

...

उल्काचा हात डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात गेला. मग दुसऱ्या खिशात. ती खरोखर चष्मा शोधत होती. एकही अश्रू नव्हता. पुढचं वाक्य तिला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हेही तिला माहीत नव्हतं.

"मी... मी बघते," ती म्हणाली. हे कागदावर नव्हतं.

लँगडनने बऱ्याच वेळाने, हळूच, थांबा म्हटलं. पर्ल आपल्या कागदावरची पट्टी काढायला विसरली होती. निर्माता बाहेर गेला आणि लेखकांना फोनवर सांगून आला की ट्रक नको.

उल्का पळत खाली आली. मिस ब्रेनर्ड गाडीत बसत होती, म्हणजे एक पाय आत होता आणि दुसऱ्याची समजूत काढणं चाललं होतं. उल्काने तो हळूच उचलून आत ठेवला.

सकाळी मी तिथे नव्हते, असं काहीतरी ती पुटपुटली. म्हातारीने मान हलवली. ते तिला माहीत होतं.

"बाई, पर्ल म्हणते, तुम्ही सकाळी केलंत त्याच्या दुप्पट चांगलं आत्ता केलंत."

"पर्लला कळतं."

"पण कॅमेरा तर माझ्याकडे होता. तुमचं कुठेच उमटलं नाही. एवढं चांगलं, आणि..." उल्काला शब्द सापडेना. "वाया गेलं ना?"

मिस ब्रेनर्डने पर्स मांडीवर घेतली, कोटाचं टोक आत ओढलं आणि चालकाला चल म्हणून खूण केली.

"वाया गेलं ते सकाळचं, डॉक्टर."